चंदी, वैरण आणि मराठ्यांचं घोडदळ



रत्नागिरीत येऊन घोड्यांवर बोलायचं म्हणजे थोडं धाडसच आहे. इथे आरमारावर बोलावं, कान्होजी आंग्र्यांवर बोलावं, सुवर्णदुर्गावर, जयगडावर बोलावं. विषयांना तोटा नाही. घोडा मात्र कोकणाचा नव्हे. तो इथे येतो तो नवरदेवाला वरातीपुरता पाठीवर घ्यायला, आणि तेव्हासुद्धा नवरदेवापेक्षा घोडाच जास्त घाबरलेला असतो.

तरीही हा विषय मी मुद्दाम इथे मांडतो आहे. मराठ्यांच्या घोडदळाबद्दलचा माझ्या मते सर्वांत बोलका कागद याच जिल्ह्यातला आहे. तो लढाईचा नाही. त्यात तलवार नाही, भाला नाही, विजय नाही. त्यात गवत आहे, दाणा आहे, चुली आहेत, दिव्याची वात आहे आणि चक्क एक उंदीर आहे. त्या कागदाकडे मी येणारच आहे. आधी मला काय म्हणायचं आहे ते सांगून टाकतो, म्हणजे मधे कुणाला उठून जायचं झालं तर मोकळेपणानं जाता येईल.

घोडदळ म्हटलं की आपल्याला पुतळा आठवतो. पुढचे दोन पाय उचललेला घोडा, वर तलवार उगारलेला स्वार. पुतळ्यातल्या घोड्याला भूक लागत नाही. खऱ्या घोड्याला लागते. म्हणून कुठल्याही घोडदळाला, मग ते मराठ्यांचं असो, मोगलांचं असो की हजार वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातलं असो, दोन साधे प्रश्न विचारावेत असं माझं मत आहे. हा घोडा खातो काय? आणि हा घोडा आहे कुणाचा? या दोन प्रश्नांच्या उत्तरांत लढायांचे निकाल बरेचसे आधीच लिहिलेले असतात.

पण त्याच्याही आधीचा प्रश्न आहे. घोडा आला कुठून?

आणि इथे, मंडळी, कोकणाची पाळी येते. दख्खनच्या सुलतानांना आणि विजयनगरच्या रायांना हवा असलेला उंच, दमदार घोडा आपल्याकडे पैदा होत नव्हता. तो अरबस्तानातून आणि इराणच्या आखातातून गलबतांत बसून येई आणि उतरे कोकणच्या किनाऱ्यावर. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलो ठाण्याच्या राजाबद्दल एक मजेदार गोष्ट सांगतो. या राजाचा चाच्यांशी करार होता. लुटीतलं बाकी सगळं तुमचं, पण गलबतात घोडे सापडले तर ते माझे! सोनं नको, कापड नको, मसाले नकोत, फक्त घोडे. घोड्याची गरज किती होती हे यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार?

पुढे दोनशे वर्षांनी, १४७० च्या आसपास, रशियातला अफनासी निकितिन नावाचा व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला. एकच घोडा. तो विकून नफा कमवायचा, हा त्याचा सगळा बेत. जुन्नरला तिथल्या खानानं घोडा काढून घेतला आणि म्हणाला, मुसलमान हो, मग घोडाही देतो आणि वर मोहराही देतो. एका खुरासानी गृहस्थानं मध्ये पडून त्याला सोडवलं, घोडा परत मिळाला आणि शेवटी बीदरला विकला गेला. निकितिन लिहितो की या देशात घोडे जन्मत नाहीत आणि इथले लोक घोड्यांना हरभरा घालतात, शिवाय साखर-तूप घालून खिचडी शिजवून घालतात. बिचाऱ्याला इतके दिवस त्या घोड्याला पोसावं लागलं की नफ्याचं काय झालं असेल ते आपण ताडावं. हिंदुस्थान सोडून परत जाताना तो गलबतात बसला ते आपल्या दाभोळला. दाभोळ हे अरबस्तान-खुरासानकडचे घोडे उतरण्याचं मोठं बंदर, असं तो नोंदवून गेला आहे.

आज दाभोळचं नाव निघालं की आपण वीज प्रकल्पाबद्दल बोलतो. पण त्या काळात वाशिष्ठीच्या मुखाशी उतरलेला घोडा घाट चढून बीदर-विजापुरात जाई, आणि तिथल्या सुलतानाचं बळ त्यावर ठरे. पोर्तुगीजांना हे बरोबर कळलं होतं. १५०८ च्या डिसेंबरअखेर अल्मैदानं दाभोळ जाळलं. १५१० मध्ये अल्बुकर्कनं गोवा घेतला आणि घोड्यांचा व्यापार तिथे वळवायचा घाट घातला. १५४७ मध्ये पोर्तुगीजांनी विजयनगरशी तहच केला, की गोव्यात उतरणारे घोडे विजयनगरलाच मिळतील, विजापूरला नाही. मिरीच्या आणि लवंगांच्या कथा आपण खूप ऐकतो. पण पोर्तुगीजांच्या हातात दख्खनच्या राजकारणाची जी दोरी होती, ती घोड्याच्या गळ्यातली होती.

मग मराठ्यांनी काय केलं? त्यांच्याकडे ना होर्मुझ होतं, ना गोवा. सरदारांकडे अरबी घोडे असत, पण साधा बारगीर, म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार, बसे तो देशी घोड्यावर. भीमेच्या थडीवर पैदा होणारा, अंगानं लहान, कणखर, मिळेल ते खाऊन चालत राहणारा घोडा. आपल्या राज्यगीतातही त्याला जागा मिळाली आहे, आणि अलीकडे भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारी नोंदही झाली आहे. मोगल सरदाराच्या घोड्यापुढे हे तट्टू उभं केलं तर बघणारा हसला असता. पण मोगल घोड्याच्या पाठीवर जिरेबख्तर घातलेला स्वार, जड खोगीर आणि मागे तंबू, हत्ती, बाजार. मराठा स्वाराचं खोगीर हलकं, हातात भाला, आणि शिधा बांधलेला तो स्वतःच्याच घोड्यावर. मलिक अंबरनं ही हलक्या घोडदळाची पद्धत निजामशाहीत मुरवली, १६२४ च्या भातवडीच्या लढाईत तिचा प्रताप दाखवला, आणि त्या लढाईत शहाजीराजे होते. शिवाजीमहाराजांच्या घोडदळाचं घराणं असं मागे जातं.

आता तो कागद.

१६७४ च्या राज्याभिषेकाच्या आधी, ऐन उन्हाळ्यात, मराठ्यांचं घोडदळ चिपळूण तालुक्यात हलवर्ण या गावी छावणीला होतं. पावसाळा तोंडावर आलेला, घाट चढून वर जायला वेळ उरलेला नाही. तेव्हा शिवाजीमहाराजांनी पागेच्या जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना एक पत्र लिहिलं. आपल्यापैकी अनेकांनी ते वाचलं असेल. रयतेच्या काळजीचं पत्र म्हणून ते सांगितलं जातं, आणि ते बरोबरच आहे. पण मला ते घोड्याचं पत्र म्हणून वाचायचं आहे.

काय म्हणतात महाराज? थोडक्यात माझ्या शब्दांत सांगतो. पावसाळ्यासाठी म्हणून जमवलेला दाणा आणि गवत आधीच बरंच खर्ची पडलं आहे. आता उरलेलं जपून वापरा. आज हात सैल सोडून चारलंत, तर ऐन पावसात काही मिळणार नाही. घोडे उपाशी मरतील आणि ते तुम्हीच मारल्यासारखं होईल. मग तुम्ही कुणब्यांच्या दारात जाल. कुणी दाणे आणील, कुणी भाकरी, कुणी गवत, कुणी सरपण. जे कुणबी अजून गावात टिकून आहेत तेही निघून जातील, आणि त्यांना वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. आणि मग विस्तवाचा विषय येतो. गवताच्या गंज्यांजवळ चुली पेटवू नका, चिलमी ओढू नका, रात्री दिवा जळता ठेवू नका, नाहीतर एखादा उंदीर जळती वात ओढून नेईल. गवताला आग लागली तर नंतर कितीही कुणब्यांची डोकी उडवलीत तरी पागेचे खण बांधायला एक लाकूड मिळायचं नाही.

राज्याभिषेकाच्या उंबरठ्यावर उभा असलेला राजा उंदराचा विचार करतो आहे! का?

हिशेब करून पाहू. बखरकार सभासद सांगतो, पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांची एक हजारी. म्हणजे नाव हजारी, पण घोडे १२५०. दर पंचवीस घोड्यांमागे पाण्याची एक पखाल आणि एक नालबंद. आपल्या देशी घोड्याला दिवसाला सुकं-ओलं धरून आठ-नऊ किलो तरी खाणं लागतं, आणि तीसेक लिटर पाणी. एका हजारीचे रोजचे दहा-अकरा टन झाले. पावसाळ्याचे चार महिने म्हणजे एकशेवीस दिवस. तेराशे टनांच्या आसपास आकडा जातो. तोही एका हजारीचा! हे सगळं गवत उन्हाळ्यात कापायचं, वाळवायचं, वाहायचं, शाकारायचं आणि उंदरापासून राखायचं. कोण करणार? कुणबी. देशावर निदान ज्वारीचा कडबा असतो. इथे भाताचा पेंढा आणि डोंगरातलं गवत. दाण्याच्या जागी आपल्याकडे कुळीथ. (तुमच्या घरी ज्याची पिठी होते तोच. घोड्याच्या तोबऱ्यातून तो तुमच्या ताटात आला की तुमच्या ताटातून तोबऱ्यात गेला, यावर मी इथे वाद घालणार नाही. मला रात्री इथेच जेवायचं आहे.)

म्हणून सभासदाच्या बखरीत छावणीचं वेळापत्रक इतकं पक्कं दिसतं. पावसाळ्याला लष्करानं देशी परत यावं, पागांसाठी दाणावैरणीचे, औषधांचे साठे आधीच तयार असावेत, घोड्यांना गवतानं शाकारलेली घरं असावीत. दसरा झाला की मुलूखगिरीला निघावं. आठ महिने परमुलखात पोट भरावं. आपण दसऱ्याला सोनं लुटतो आणि सीमोल्लंघन करतो. त्यामागे चार महिने जपलेल्या गवताचा हिशेब संपत आलेला असे, ही गोष्ट सोन्याच्या पानांखाली झाकली गेली.

आणि परमुलखात पोट भरणं म्हणजे काय? म्हणजे दुसऱ्या कुणब्याचं शेत. हे बोलायला आपल्याला आवडत नाही, पण व्याख्यान शताब्दीच्या सोहळ्यातलं नाही, त्यामुळे बोलतो. चिपळूणच्या कुणब्याला वाचवणारी व्यवस्था परमुलखातल्या कुणब्याला वाचवत नव्हती. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांचे स्वार बंगालवर गेले, आणि तिथल्या आया लेकरांना झोपवताना बारगिरांची भीती घालू लागल्या. ती अंगाईगीतं बंगाल्यात आजही म्हटली जातात. बंगाली मित्रासमोर आपण मराठ्यांच्या घोडदौडीचं कौतुक सांगतो तेव्हा तो गप्प का बसतो, ते यावरून समजावं.

कोकणाकडे परत येतो. कोकण घोड्याला मानवत नाही, हे मोगलांनी मोठी किंमत देऊन शिकून घेतलं. १६८३ च्या अखेरीस औरंगजेबाचा मुलगा शाहआलम प्रचंड फौज घेऊन रामघाट उतरून खाली आला. कुडाळ, वेंगुर्ला, गोव्याची सीमा, हा तेव्हाचा आपलाच मुलूख. १९८१ पर्यंत तर हा भाग रत्नागिरी जिल्ह्यातच होता. फौज मोठी, मुलूख चिंचोळा, एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि रसद तोडायला संभाजीराजांची माणसं. लढाई अशी मोठी झालीच नाही. धान्य संपलं, वैरण संपली, रोगराई पसरली. घोडे, उंट, हत्ती मेले, माणसं मेली, आणि १६८४ च्या फेब्रुवारीत शाहआलम उरलंसुरलं सैन्य घेऊन घाट चढून परत गेला. त्याला हरवलं कुणी? संभाजीराजांनी, हे खरं. पण त्यांच्या बाजूनं एक निमूट साथीदार होता, आणि तो म्हणजे कोकणात नसलेला कडबा.

मग कुणी विचारील, पाच वर्षांनी काय झालं? १ फेब्रुवारी १६८९ ला संगमेश्वरात संभाजीराजांना पकडणारा मुकर्रबखान घोड्यांवरूनच आला ना? होय. कोल्हापूरकडून, अवघड घाटातून, निवडक स्वारांनिशी. पण तो राहायला आला नव्हता. त्याला कोकणात आठवडासुद्धा काढायचा नव्हता. माघ-फाल्गुनाचे दिवस, ओढे उतरलेले, जमीन कोरडी. तोबऱ्यात बांधून आणलेल्या चंदीवर घोडा जितका धावेल तितकं धावायचं, झडप घालायची आणि परत फिरायचं. शाहआलमनं कोकणात घोडा आणून ठेवला. मुकर्रबखानानं कोकणातून घोडा काढून नेला. एकाच मुलखात, एकाच ऋतूत, पाच वर्षांच्या अंतरानं दोन मोगल स्वाऱ्यांचे दोन टोकांचे निकाल लागले. फरक शौर्याचा नव्हता, मुक्कामाच्या दिवसांचा होता.

आता जरा लांब जाऊ. घोडा लढाईत करतो काय? हा प्रश्न तुम्हाला भाबडा वाटेल, पण इंग्लंडातले इतिहासकार मध्ययुगाच्या आरंभीच्या काळाबद्दल पिढ्यान्‌पिढ्या याच्यावर भांडत आले आहेत. अँग्लो-सॅक्सन लोकांकडे घोडे होते, भरपूर होते. सफोकमध्ये सटन हू इथे सातव्या शतकाच्या सुमारास एका तरुण योद्ध्याबरोबर त्याचा घोडा पुरलेला सापडला. ८६६ मध्ये डेन लोकांची मोठी फौज पूर्व अँग्लियात उतरली आणि तिथल्या लोकांकडून घोडे मिळवून मगच पुढे सरकली, असं त्यांच्या जुन्या बखरीत आहे. पण ९९१ मध्ये माल्डनला लढाईआधी सेनापती बर्टनॉथ आपल्या लोकांना सांगतो, उतरा, घोडे हाकलून द्या आणि पायी उभे राहा. १०५५ मध्ये हेरफर्डला अर्ल राल्फनं इंग्रजांना त्यांच्या रिवाजाविरुद्ध घोड्यावरून लढायला लावलं, आणि वेल्शांसमोर ते पळत सुटले. १०६६ ला हेस्टिंग्जला इंग्रज पायी उभे होते, आणि नॉर्मन घोड्यावर. ते नॉर्मन घोडेही गलबतांतून समुद्र ओलांडून आले होते, दाभोळला येणाऱ्या घोड्यांसारखेच. बायोच्या प्रसिद्ध पट्टीवर गलबतांच्या काठावरून डोकावणारी त्यांची तोंडं भरतकामात दिसतात.

मग अँग्लो-सॅक्सनांचं घोडदळ होतं की नव्हतं? माझ्यासारख्या मराठी माणसाला यात वाद कशाला, असं वाटतं. घोड्यावरून लढायला गेलं नाही, तर घोडा वाया गेला का? लढाईच्या जागी शत्रूच्या आधी पोचणं हीसुद्धा लढाईच आहे. १७२८ चं पालखेड घ्या. बाजीरावानं निजामाशी आमनेसामने लढाई केलीच नाही. पुणे सोडलं, जालन्याकडे गेला, खानदेशात गेला, गुजरातेत शिरला आणि निजामाला मागे मागे फिरवत ठेवलं. निजाम आपला जड तोफखाना मागे ठेवून धावला, आणि फेब्रुवारीत वैजापूरजवळ पालखेडला असा अडकला की पाणी सापडेना. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. पानं उलटून पाहिलीत तर त्या मोहिमेत घणाघाती हल्ल्याचं वर्णन फार सापडत नाही. घोड्यांनी तिथे लढण्यापेक्षा चालून जिंकलं.

आणि तेच घोडे चालेनासे झाले तर?

१७६० चा नोव्हेंबर ते १७६१ चा १४ जानेवारी. पानिपतला मराठे छावणी करून बसले. अब्दालीनं यमुनेकडची आणि दिल्लीकडची रसद तोडली. रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. रात्री सरपण-वैरण आणायला छावणीबाहेर पडलेल्या हजारो माणसांची कत्तल झाल्याचं लढाईचा साक्षीदार काशीराज लिहितो. घोडे आधी अशक्त झाले, मग मरू लागले. शेवटी अन्नाविना मरण्यापेक्षा लढून मरू, म्हणून लढाई झाली. सेनापती भाऊसाहेबांनी गोल बांधून लढायची पद्धत का निवडली, होळकरांचं ऐकायला हवं होतं का, इब्राहिमखान गारद्याच्या पायदळाचा भार किती, या वादांवर लिहिलेल्या पुस्तकांनी माझं एक कपाट भरलं आहे. त्यातलं बरंच खोगीरभरती आहे. अडीच महिने एका जागी बसलेलं घोडदळ हे घोडदळ राहत नाही, एवढं वाक्य त्या पुस्तकांत ठळक छापायला हवं होतं. हलवर्णच्या पत्रात महाराजांना जी भीती होती, घोडे उपाशी मरतील ही, ती पानिपतच्या खंदकाआड शब्दशः खरी झाली. चिपळूणला पाठीशी स्वराज्याचे किल्ले आणि कोठारं होती. पानिपतला पाठीशी अब्दाली होता.

राहिला शेवटचा प्रश्न. घोडा कुणाचा?

बारगीर आणि शिलेदार, दोन्ही शब्द आपल्या आडनावांत आहेत. नालबंद आहेत, पागनीस आहेत. बारगिराचा घोडा सरकारी, पागेतला. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा. दिसायला शिलेदार मानाचा, कारण तो घोड्याचा धनी. पण लढाईत एक अडचण येते. घोडा मेला तर शिलेदाराचं भांडवल गेलं. दुसरा घेईपर्यंत त्याची नोकरी गेली, घर बसलं. मग तो घोडा कुठे घालतो आणि कुठे आवरतो? तुम्हीच सांगा, तुमच्या स्वतःच्या गाडीनं तुम्ही खड्ड्यात शिराल का? शिवाजीमहाराजांनी पागा बळकट केली आणि शिलेदारांना पागेच्या नजरेखाली ठेवलं, त्यामागे मला हे साधं गणित दिसतं. पेशवाईत पारडं शिलेदारांकडे झुकत गेलं. पागा उरली ती मुख्यतः सरकारच्या आसपास. पुण्यातल्या पेशव्यांच्या हुजुरपागेच्या जागेवर आता मुलींची शाळा भरते, आणि शाळेचं चालतं नाव आजही हुजुरपागाच आहे. घोड्यांच्या जागेचा इतका चांगला उपयोग इतिहासात फार वेळा झालेला नाही.

गंमत अशी, की शिलेदारी पद्धत पेशवाईबरोबर बुडाली नाही. ती इंग्रजांनी उचलली. १८१७ च्या पुणे तहानंतर पेशव्यांच्याच खर्चानं उभा केलेला पूना हॉर्स हा रिसाला आणि त्याच्यासारखे कितीतरी देशी रिसाले शंभर वर्षं शिलेदारीवर चालले. स्वारानं भरतीच्या वेळी पैसे भरायचे, घोडा आणि सामान त्यातून यायचं, आणि घोड्याची जोखीम पुष्कळशी त्याच्याच खात्यावर. सरकारला स्वस्त. शिवाय त्यात एक फार जुनी, ओळखीची सोय होती. दोन स्वारांमागे एक गवत कापणारा माणूस आणि त्याचं तट्टू.

१९१४ मध्ये हे रिसाले फ्रान्सला गेले. तिथे चिखल होता, खंदक होते, तोफा होत्या. गवत कापणाऱ्यानं विळा घेऊन कुठे जायचं? मेलेल्या घोड्याच्या जागी दुसरा घोडा शिलेदारानं कुठल्या बाजारातून आणायचा? घोडे भराभर मरत होते, आणि ज्याचा घोडा त्याची जोखीम हा हिशेब लवकरच फाटला. सरकारला दाणा, वैरण आणि घोडे सगळं स्वतः पुरवावं लागलं, आणि युद्ध संपल्यावर शिलेदारी पद्धतच मोडीत काढण्यात आली. स्वार तेच राहिले, घोडे मात्र सगळे सरकारी पागेत गेले.